पाटीवरचा हुकूम

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवतो की, कडावच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीत गेल्या वर्षी पहिलीची पोरं मराठी वाचायला शिकली, त्या कार्यात माझा पार्श्वभाग कामी आला.

आमची ही त्या वाडीवरच्या शाळेत शिक्षिका. पोरांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. हिने 'अननस' म्हटलं की पोरं एकमेकांकडे बघायची. (अननस वाडीत कुणी पाहिलाच नव्हता. दाखवायला म्हणून मी नेरळहून एक आणला आणि शाळेत पोचेपर्यंत निम्मा खाल्ला.) त्यातही बुधी नावाची एक पोरगी. जूनपासून दाराशी बसायची. पाटी कोरी, तोंड बंद. तिच्या आईने एक दिवस सांगूनच टाकलं, "बाय, तिला तुमचं काय कळत नाय. दिवाळी झाली का आमी तिला वीटभट्टीवर नेतो. बारक्याला तरी सांभाळंल."

त्या दिवशी ही घरी येऊन जेवली नाही. तेव्हा गावच्या गणेशोत्सवात वीस वर्षं राजाचं काम करणारा हा नट पुढे सरसावला.

"मला ने शाळेत. नुसत्या शब्दाने पोरांना काय कळणार? मी करून दाखवतो."

"काय करून दाखवणार?"

"पाटीवर लिहितील ते! तोंडी सांगितलेलं काही ऐकणार नाही. मेलो तरी."

हे शेवटचं मी टाळीसाठी टाकलं होतं. हिने ते नियम म्हणून पोरांना तीनदा समजावलं.

सुरुवात 'बस'ने झाली. बसलो. 'पळ' आलं. पळालो. मग एकाला 'पड' सुचलं. बाईंचा ब्याण्णव किलोचा नवरा दोन अक्षरांत जमिनीवर येतो, हे कळायचा अवकाश! चार महिने ज्यांना प काढता येत नव्हता, त्यांच्या अकरा पाट्यांवर अकरा 'पड' उमटले. मी अकरा वेळा पडलो. दाराशी बसलेली बुधी पहिल्यांदाच हसली, म्हणून बाराव्यांदा आपल्या मनाने पडलो.

मग सगळे अंगणात आलो आणि कुणीतरी 'चढ' लिहिलं. समोर आंबा.

"अहो, नका," ही हळूच म्हणाली.

"तोंडी चालत नाही," मी म्हणालो आणि चढलो. (कसा, ते विचारू नका.)

पहिल्या फांदीवर टेकलो, तिथे पानं जोडून घर केलेल्या तांबड्या मुंग्या होत्या. त्या बनियनमध्ये आल्या.

"उतरतो गं मी."

"लिहिलंय कुठे?"

"मग लिहायला सांग की!"

"उ अजून शिकवलेला नाही. दिवाळीनंतर आहे."

पोरं मदतीला धावली. येत होतं ते त्यांनी लिहिलं. एका पाटीवर 'बस', दुसरीवर 'हस'.

"अहो, हसा," ही खालून म्हणाली. हसलो. राजाचं तसलं हसू आमच्या गणपतीतही कुणी पाहिलं नसेल.

शेवटी हिने शाळेच्या भिंतीवर खडूने हातभर उ काढला. "हा उ. त आणि र तुम्हाला येतात. कोण उतरवतंय झाडावरच्या या बाबांना?"

पोरं हसून लोळत होती. उठली ती बुधी. आंब्याखाली मांडी घालून बसली, भिंतीकडे बघत उ काढला, पुसला, पुन्हा काढला. बारक्याला कडेवर घेऊन तिची आई तिला न्यायला आली होती, ती कुंपणाशीच थांबली. आमच्या हिने पदर डोळ्यांना लावला. (माझ्यासाठी नव्हे.)

(बुधी भट्टीवर गेली नाही. दिवाळीनंतर आईबाप तिकडे कामाला गेले, ती आजीपाशी राहिली आणि आता दुसरीत आहे. वाडीत आता मला दर घरी चहा मिळतो. इतका मान मला राजा होऊनही मिळाला नव्हता. त्याबद्दल मी बुधीचा, हिचा आणि थोडा त्या मुंग्यांचाही ऋणी आहे.)

पण तेव्हा फांदीवरून मला एवढंच दिसत होतं की उ झाला, त झाला. बाकीचं समजून घेतील, असा विचार करून मी पाय खाली सोडला. तशी चार महिने मुकी राहिलेली ती पोरगी पेन्सिल माझ्यावर रोखून शाळेतलं आपलं पहिलं वाक्य बोलली,

"ए बाबा, वर बस. र काढायचा हाय आजून."