माझ्या फासळ्यांवर त्याचं नाव

"छाती प्लेटला टेकव. हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घे. धर."

रोज हे मी बोलायचे. त्या दिवशी डॉक्टर बोलत होते आणि एक्स-रेच्या प्लेटला टेकलेली छाती माझी होती.

अंगात पेशंटचा गाऊन. मागच्या नाड्या बांधायला वेळ दिला नव्हता. पाठ उघडी. दारात रंगाच्या कंपनीचे साहेब उभे. त्यांना बाहेर जायला कुणी सांगितलं नाही आणि तेही गेले नाहीत.

मशीनचा आवाज झाला. डॉक्टर म्हणाले, "झालं. जा, डेव्हलप कर."

मग साहेबांकडे वळून ते इंग्रजीत म्हणाले की काळजी करू नका, फिल्म पुरुषाचीच वाटेल, हिच्याकडे बाईचं म्हणून दिसावं असं काही नाहीच. साहेब हसले. घरात एवढे मासे असून ही अशी कशी, असं त्यांनी विचारलं. तेही इंग्रजीतच. डॉक्टरांनी उत्तर मात्र मराठीत दिलं.

"आमचा सुका बोंबील आहे तो."

मी गाऊन पाठीमागे मुठीत आवळला आणि फिल्मची कॅसेट घेऊन डार्करूममध्ये गेले.

मला इंग्रजी येतं हे डॉक्टरांना चांगलं माहीत होतं. त्यासाठीच त्यांनी मला घेतलं होतं. बोईसर स्टेशनजवळच्या त्या खासगी हॉस्पिटलात कंपन्यांचे अधिकारी येत, तेव्हा ते माझी ओळख करून देत. आमच्या टेक्निशियन कॉन्व्हेंटच्या आहेत, म्हणत. तेव्हा मी 'मिस' असायचे. अधिकारी गेले की 'ए'. माझ्यासमोर बोलताना मला इंग्रजी कळतं हे ते विसरत असतील, असं मी आधी धरून चालायचे. ते विसरत नव्हते. मला कळल्याने त्यांचं काही बिघडत नव्हतं.

आमचं घर आलेवाडीला, समुद्राला लागून. बाबा बोटीवर, आई बोईसरच्या बाजारात मासे विकायला. मिशनच्या शाळेतल्या एका सिस्टरने मला शाळेत घेतलं. वर्गात मी डबा उघडला की मुली बाक सरकवायच्या. घरी मी काही बोलले की भाऊ माझी नक्कल करायचे. शाळेत माझा वास, घरात माझी भाषा. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले आणि त्यात चांगली तयार झाले. मुंबईला एक्स-रेचा डिप्लोमा केला तोही मान खाली घालूनच. लोक म्हणायचे, शांत मुलगी आहे. ही माझी स्तुती असायची.

त्या दिवशी त्यांना हवी होती ती हीच शांत मुलगी.

तारापूरच्या वसाहतीतल्या एका रंगाच्या कंपनीच्या कामगारांची तपासणी आमच्याकडे व्हायची. रांगेने यायचे. कुणाचे तळहात पिवळे, कुणाची नखं जांभळी. शर्ट काढून प्लेटपुढे उभे राहिले की बनियनच्या आकाराचं गोरं अंग दिसायचं आणि बाकी सगळं रंगलेलं. त्यात कुंभवलीचा गणू होता. पावडर गोणीत भरण्याच्या खात्यात काम करायचा. रुंद छातीचा माणूस. श्वास धर म्हटलं तर धरता येईना, खोकला यायचा. तिसऱ्यांदा कुठे फिल्म नीट आली.

फिल्म ओली असतानाच मला दिसलं. दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला, कापूस पिंजून टाकल्यासारखं पांढरं.

डॉक्टरांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. साहेबांना बोलावलं. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलले. मला जे ऐकू आलं ते एवढंच, की एकाची छाती अशी निघाली तर त्या खात्यातल्या सगळ्यांच्या बघाव्या लागतील, उपचार द्यावे लागतील, सरकारी तपासनीस येईल. हा माणूस आता फिट दाखवायचा. पुढे कधीतरी दुसऱ्या कारणाने काढता येईल.

त्यासाठी एक साफ छाती हवी होती. डॉक्टर स्वतः अंगाने सुटलेले. साहेबांना त्यांनी गमतीने विचारलं तर ते म्हणाले, नको ते किरण, मला बायकामुलं आहेत. दुसऱ्या एखाद्या कामगाराला उभा केला असता तर बातमी फुटली असती. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार नाही याची दोघांनाही खात्री होती.

"ही काय, किरणांतच राहते," डॉक्टर म्हणाले.

डार्करूमच्या लाल उजेडात मी फिल्म डेव्हलपरच्या पाण्यात हलवत होते. आधी कॅसेटवर लावलेली शिशाची अक्षरं उमटली. गणूचं नाव, त्याचा नंबर. मग हळूहळू त्याच्याखाली माझ्या फासळ्या आल्या. बारीक, जवळजवळ. हजारो माणसांच्या मी पाहिल्या होत्या. माझ्या कधी पाहिल्या नव्हत्या. त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्यांच्यावर दुसऱ्याचं नाव होतं.

मी फिल्म वाळत घातली. गणूची खरी फिल्म डॉक्टरांनी रद्दी फिल्मच्या पोत्यात टाकायला सांगितली. ते पोतं भंगारवाला फिल्मवरच्या चांदीसाठी घेऊन जायचा. मी टाकली. घरी आले, जेवले. आईने विचारलं, बरं नाय काय? मी म्हटलं, काही नाही.

आठवडा गेला असेल. कामगार कंपनीत जमा करायच्या आपापल्या फिल्म आणि फिटनेसचं कार्ड न्यायला आले. साहेबही आले होते. बाहेरचं बाकडं भरलेलं, काही जण उभे. गणूने पाकिटातून फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. सगळे त्याच्याभोवती जमले.

"बगा रं, आरशासारकी छाती हाय," गणू म्हणाला.

त्याच्या खात्यातला एक म्हणाला, "गण्या, तुज्या छातीत तं कायच नाय. वहिनी बोलते ते खरं हाय."

सगळे हसले. कुणीतरी हिंदीत म्हणालं, हीरो का फोटो है. एकाने पुढे होऊन फिल्मवर बोट ठेवलं आणि एकेक फासळी वरून खाली मोजायला लागला. रंग लागलेलं, जाड बोट. फासळीवरून फासळीवर.

मी खिडकीपाशी कार्डं वाटत उभी होते. ते बोट मला लागत होतं. खरंच लागत होतं. अंग चोरून घ्यावं असं वाटत होतं, पण चोरणार कुठे? मी तर तिकडे काचेवर उघडी लटकत होते आणि पुरुषांची रांग मला बघत होती.

गणू माझ्याकडे आला. "ताई, लय उपकार झाले. मला तं भ्या वाटत व्हता, काडून टाकतील."

मी विचारलं, "खोकला कसा आहे?"

"खोकला हाय. पन आता भ्या नाय. छाती साफ हाय ना. उद्यापासून परत गोणीवर."

उद्यापासून परत गोणीवर. त्याच पावडरीत. कारण माझी छाती साफ होती.

माझ्या तोंडून आवाज निघाला तो मला ओळखू आला नाही. "गणूदादा, ही फिल्म तुमची नाही."

तो हसत होता. तसाच हसत राहिला.

"ही छाती माझी आहे."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. मी आत गेले. पोतं उपडं केलं. गणूची फिल्म शोधली. बाहेर येऊन त्याच्या हातात दिली. म्हटलं, ही तुमची. हे पांढरं दिसतं ना, तो आजार आहे. सरकारी दवाखान्यात जा. त्या पावडरीत परत जाऊ नका.

डॉक्टर केबिनमधून बाहेर आले. ओरडले नाहीत. त्यांना ओरडायची कधी गरज पडली नव्हती. त्यांनी सगळ्यांकडे बघून शांतपणे सांगितलं की मुलगी लग्नाच्या वयाची आहे, लग्न जमत नाही, अशा मुलींना असे भास होतात. पुन्हा हसणं. मग साहेबांनी गणूला विचारलं.

"तुझी कोणती रे?"

गणूच्या दोन हातांत दोन फिल्म. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं आहे हे त्या नजरेत दिसत होतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. मग त्याने साफ फिल्म छातीशी धरली.

"ही माजी. ताईचा डोका फिरलाय."

आणि खोकला. बराच वेळ खोकला.

डॉक्टरांनी त्याच्या दुसऱ्या हातातली फिल्म काढून घेतली. टेबलावरच्या कात्रीने मधोमध उभी कापली. मग आडवी. तुकडे कचऱ्याच्या डब्यात. मला म्हणाले, "ॲप्रन काढून ठेव आणि नीघ."

मी ॲप्रन काढला. रांगेतले लोक बघत होते. ॲप्रनखाली साधा पंजाबी ड्रेस होता, तरी एकजण दुसऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, बघ, खरंच फिल्मसारखीच आहे.

गणूचा मला राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला. खूप आला. पण नोकरी त्याच्या हातात होती आणि फुप्फुस आत होतं. माणूस हातातलं धरतो. त्याला तसं धरायला लावणारे दोघं तिथे इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते. राग त्यांच्यावर ठेवायचा हे मला नंतर जमलं.

बोईसरच्या बाजारात बातमी आईच्या टोपलीपर्यंत माझ्याआधी पोचली. एक गिऱ्हाईक पापलेट निवडता निवडता तिला म्हणालं, तुझी पोर पुरुषांना छातीचे फोटो दाखवते म्हणतात. आई टोपली उचलून घरी आली. मला एक थोबाडीत मारली. मग खाली बसली.

"जलमभर गप बसलीस. आजच बोलायचा काय अडला व्हता?"

सातपाटीचं एक स्थळ आलेलं होतं, ते परत गेलं. बोईसरमध्ये, पालघरमध्ये मी कामासाठी गेले तिथे तिथे माझं नाव आधीच पोचलेलं. एका ठिकाणी तर डॉक्टर माझे कागद न बघता माझ्याकडेच बघत बसले.

पावसाळा गेला. सुकवणीचे दिवस आले. मी आईबरोबर वलांडीवर, बांबूंना ताणलेल्या दोरांवर, बोंबील घालत होते तेव्हा एक बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. बरोबर कुणी नाही. कपाळ मोकळं.

"मी गणूची बायको."

गणू गेला होता. शेवटी रक्त पडत होतं. गोणीवर काम करता करताच एक दिवस खाली बसला आणि मग उठलाच नाही. ती भरपाई मागायला कंपनीत गेली. साहेबांनी तिला खुर्ची दिली नाही. फाइलमधून फिल्म काढून दाखवली. तुझ्या नवऱ्याची छाती साफ होती, म्हणाले, हे बघ. कामाने नाही मेला, दारूने मेला. गणू दारू पीत नव्हता.

ती कुंपणाला धरून बोलत होती. "त्यानी फिल्म दावली तवा मी बगतच रायली. माज्या मानसाची छाती मला ठाव नाय काय? एवडा रुंद मानूस. ह्या बारीक फासळ्या बाईच्या हायत, मला तिथंच कळला."

मी कुंपणाजवळ गेले.

"तवा तू बोललीस, तं त्यानी घरी येऊन सांगितला. रडला. बोलला, ती बाई खरं बोलते, पन मी काय करू?" तिने पदराने तोंड पुसलं. "आमी तुला येडी ठरवली. आता परत बोलशील काय?"

आई हातातले बोंबील तसेच धरून उभी. माझ्याकडे बघत होती. पुन्हा नको, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

बोलले तर काय होईल ते मला दिसत होतं. सरकारी कामगार ऑफिसात बसवतील. कंपनीचा वकील उभा राहील. ही छाती तुमची कशावरून, विचारेल. कपडे काढले होते का, विचारेल. खोलीत कोण कोण होतं, किती वेळ. बाकी लोक ऐकत असतील आणि हसतील. आईच्या टोपलीपाशी पुन्हा कुणी काहीतरी म्हणेल.

मी म्हटलं, "बोलेन."

आईने बोंबील खाली टाकले आणि ती घरात गेली. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पुढेही बरेच दिवस नाही.

मी जे बोलणार आहे ते इथे लिहून ठेवते. पुढे मला वेडी ठरवलं तरी ते राहील.

तुमच्या फाइलमध्ये गणूच्या नावाची जी छाती आहे, ती माझी आहे. तिच्या जोरावर तुम्ही एका माणसाला विषात परत पाठवलं आणि तो मेल्यावर त्याच्या बायकोला दारातून हाकललं. फासळ्या माणसामाणसाच्या वेगळ्या असतात. मला कुठल्याही सरकारी दवाखान्यात, कुणाहीसमोर उभी करा. माझी नवी फिल्म काढा, तुमची जुनी शेजारी लावा. सगळ्यांनी बघा. ज्यांना हसायचं त्यांनी हसा. लाजून मी एकदा गप्प बसले आणि त्या गप्प बसण्यावर तुम्ही त्याचं नाव चिकटवलंत. ते नाव सुटेपर्यंत मी हे प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक टेबलापुढे, जितक्या वेळा विचाराल तितक्या वेळा सांगणार आहे.

ही माझी छाती आहे. गणूची वेगळी होती. ती तुम्ही कात्रीने कापलीत.