वाळूवरची शिट्टी

"सुमन, शालू उठत नाहीये."

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, फोनवर एवढंच सांगितलं. आवाज अगदी साधा होता, दूध नासलंय सांगावं तसा. मी बडोद्यातच, आमच्या गोत्रीच्या घरातून तशीच निघाले. त्यांच्या अकोट्याच्या घरी पोचेपर्यंत रिक्षात मी स्वतःला बजावत होते, की साखर कमी झाली असेल, चक्कर आली असेल, वहिनींना दुपारी गाढ झोप लागते हे भाऊजींना अजून कळलं नाही का… सकाळीच तर तिचा फोन येऊन गेला होता. दिवाळीनंतरच्या दीवच्या खोल्या मी बघत होते, आणि तिचं एकच टुमणं होतं, "खिडकीतून पाणी दिसतं का ते नीट विचार. नुसतं सी-व्ह्यू लिहिलेलं मला चालायचं नाही." मी थोडी वैतागलेच होते. म्हटलं, अहो वहिनी, आधी दिवाळी तर येऊ द्या. आणि दुपारी ती जेवून आडवी झाली, भाऊजी चहासाठी दूध आणायला खाली उतरले, परत आले तर हे. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, भाग्यवान बाई. असेल बाई भाग्यवान. मला मात्र आज इतक्या आठवड्यांनीही नुसती भीती वाटते. दुःख मी निभावून नेलं असतं, ते ओळखीचं असतं. ही भीती माझ्या ओळखीची नाही, कारण आमच्या घरात घाबरायचं काम इतकी वर्षं शालिनीवहिनीच करत होती.

मी लग्न होऊन घडियाळी पोळातल्या, म्हणजे जुन्या बडोद्यातल्या त्या गल्लीतल्या, घरात आले तेव्हा ती तिथे आधीपासून होती. थोरली जाऊ, मराठी शाळेत प्राथमिकची शिक्षिका, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र अख्ख्या पोळाला पुरेल एवढा. आमच्या सासरचे पूर्वज कधीकाळी संस्थानच्या नोकरीत बडोद्याला आले आणि इथलेच झाले. मागे गाव उरलं नाही. शाळेला सुट्टी लागली की आमच्या मुलांना कुठे पाठवायचं, हा प्रश्नच असायचा. सगळीकडे पाहुणे म्हणून जायचं, आपलं म्हणून जायचं कुठे? ह्याचं उत्तर वहिनीनंच काढलं. दिवाळी झाली की लाभपाचमीपर्यंत आपल्याकडे अख्खा बाजार बंद, सगळं गुजरात फरवा, म्हणजे फिरायला, निघतं. मग आपणही निघायचं. भाऊबीजेची ओवाळणी झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे भाड्याची मोठी गाडी दारात. थेपल्यांची चवड, उरलेला चिवडा, मोडक्या चकल्या, वाटेत वटामण चोकडीच्या नाक्यावर चहा, आणि तिथून पुढे मुलं "समुद्र आला का" विचारून जीव खायची. दरवर्षी दीव. आमच्या ह्यांनी एकदा माउंट अबूचं नाव काढलं तर वहिनी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

आणि गंमत अशी, की ही बाई समुद्राला भयंकर घाबरायची. पाऊल बुडेल इतक्या पाण्यातसुद्धा कधी आली नाही. साडी खोचून, पायात चपला तशाच ठेवून, ओल्या वाळूच्या अलीकडे उभी राहायची. गळ्यात लाल नाडीला बांधलेली शाळेच्या सहलीची शिट्टी. थोड्या थोड्या वेळानं ती शिट्टी वाजवायची, आणि वाजली की पाण्यातल्या प्रत्येकानं हात वर करायचा. प्रत्येकानं म्हणजे प्रत्येकानं. मुलं, मी, आमचे हे, आणि युनिव्हर्सिटीतून रिटायर झालेले, टक्कल पडलेले भाऊजीसुद्धा. मग ती एकेकाचं नाव घेऊन हजेरी लावायची. सगळे हात दिसले की शिट्टी खाली. आसपासचे लोक हसायचे. एकदा एका सुरती कुटुंबातला माणूस पाण्यातूनच ओरडला, "मासी, अमारी पण हाजरी लई लो!" तर हिनं खरंच त्याचं नाव विचारलं आणि दिवसभर त्यालाही हात वर करायला लावला. माझा नवरा शरमेनं पाण्याखाली तोंड लपवायचा, पण हात वर यायचा त्याचा.

घरीही ती तशीच. पोळातलं घर सोडून ते दोघं अकोट्याला गेले, आणि विश्वामित्री नदी जवळ आली. जरा पाऊस लागून राहिला, की हिचे फोन सुरू. पाणी भरून ठेवलंस का, मोबाईल चार्ज कर, गाडी उंचावर लाव. मगर रस्त्यावर आल्याचे व्हिडीओ आम्ही बडोदेकर एकमेकांना हसत पाठवतो, हिला मात्र ते बघून जेवण जायचं नाही. आम्ही तिची खूप चेष्टा करायचो. मिहिर, तिचा मुलगा, तिला "आपत्कालीन विभाग" म्हणायचा. पण पुराच्या वर्षी खालच्या मजल्यात पाणी शिरलं, तेव्हा अख्ख्या सोसायटीला पिण्याचं पाणी तिच्या पिंपांतून मिळालं. ती नुसती घाबरून बसत नसे. घाबरली की उठून कामाला लागायची.

आम्हा सगळ्यांची समजूत होती, की हिच्या माहेरचं कुणीतरी बुडालं असणार. एकदा दीवलाच, मुलं वाळूत खेळत असताना, मी धीर करून विचारलं. ती हसली. म्हणाली, कुणी नाही गं, माझ्या माहेरचे सगळे अंथरुणातच गेले. मला वाटते भीती, म्हणजे वाटते. मग मी तिला खरा प्रश्न विचारला, की असं आहे तर दरवर्षी समुद्रच का? त्यावर तिनं पाण्याकडची नजर न काढताच सांगितलं, "डोंगरावर गेलात की तुम्ही पांगता. देवळात गेलात तर गर्दीत हरवता. इथं सगळे माझ्यासमोर एका रांगेत दिसता. वर्षातून एवढंच." मला तेव्हा ते विक्षिप्त वाटलं होतं. मी भेळ खात होते.

केतकी, माझी मुलगी, दहाएक वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. ती भाड्यानं घेतलेल्या काळ्या ट्यूबवर बसून पाय हलवत होती, मी चार हातांवर होते. निदान मला तसं वाटत होतं. शिट्टी वाजली, मी सवयीनं हात वर केला आणि ह्यांच्याशी बोलत राहिले. पण शिट्टी थांबेना. खाली आली नाही, नावं नाहीत, नुसती शिट्टी, श्वास घ्यायलाही न थांबता. मी वळून बघितलं तर केतकी माझ्याजवळ नव्हती. ओहोटी लागली होती, आणि ती काळी ट्यूब कुठल्या कुठे गेली होती, लाटेमागे गेली की दिसेनाशीच व्हायची… मी होते तिथेच उभी राहिले. तोंडातून नावसुद्धा फुटेना. आणि माझ्या बाजूनं वहिनी गेली. साडीनं, चपलांनी, सरळ पाण्यात. कमरेएवढ्या, मग छातीएवढ्या. पोहता येत नाही, तोंडात शिट्टी, आणि एक हात ट्यूबच्या दिशेनं ताणलेला. त्या आवाजानंच लांबच्या होडीवाल्यानं मान वळवली, आणि तिच्या बोटाच्या दिशेनं त्यानं होडी घातली. केतकीला काहीच कळलं नव्हतं, ती होडीत बसायला मिळालं म्हणून खूष. भाऊजींनी आणि ह्यांनी वहिनीला ओढून बाहेर आणलं. ती वाळूवर बसली, खारं पाणी ओकली, तोंड पुसलं, आणि पुन्हा शिट्टी वाजवून पहिल्यापासून हजेरी घेतली. केतकीचं नाव आलं तेव्हा केतकीनं हात वर केला. मी तो हात अजूनही डोळे मिटले की बघते.

पुढच्या दिवाळीत मी साफ सांगितलं, मी येणार नाही आणि मुलीलाही पाठवणार नाही. तेव्हा ती गोत्रीला आली, माझ्या ओट्यापाशी उभी राहून शेंगा निवडू लागली आणि म्हणाली, "घाबरायचं ते मी बघते. तू पाण्यात जा." बस्स. गेले मी. आणि तेव्हापासून दरवर्षी, आई असूनही, मी त्या पाण्यावर उताणी पडून आभाळ बघितलंय, डोक्यात एकही विचार न येऊ देता. शिट्टी वाजली की हात वर करायचा, एवढंच माझ्याकडे. किती बायकांना हे सुख मिळत असेल? मी ते सुख माझं स्वतःचं समजत होते. मला वाटायचं, मी मुळातच बिनधास्त आहे.

आता कळतंय. ती गेल्यापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. केतकी अहमदाबादहून निघाली की पोचेपर्यंत मी घरात येरझाऱ्या घालते. तिची छोटी, रेवा, साधी खोकली तरी मी रात्री पुन्हा फोन करते. आणि त्यात मुलांनी नवीन काढलंय. यंदा घरात दिवाळी नाही, कंदील नाही, पण दीवची सहल मोडायची नाही. आईला तेच आवडलं असतं, असं मिहिर म्हणतो. रेवा पहिल्यांदाच समुद्र बघणार आहे. केतकी लाडानं म्हणाली, "आई, आता काकूच्या जागी तू." तिनं सहज म्हटलं हो, पण मी रात्रीची भाजी तशीच टाकून बसून राहिले. माझ्याच्यानं नाही व्हायचं. वहिनीला सगळे हात दिसायचे. त्या दिवशी चार हातांवरची माझी मुलगी मला दिसली नव्हती.

दुसरी एक गोष्ट मला आणखी घाबरवते. भिंतीवर लावायला फोटो हवा होता, तर मिहिरनं दीवचे सगळे जुने फोटो काढले. एकाही फोटोत वहिनी नाही. असणार कशी? पाण्यात आम्ही, फोटो काढणारे आम्ही, आमची तोंडं एकमेकांकडे. ती आमच्याकडे बघत वाळूवर उभी. तिच्याकडे कोण बघत होतं? शेवटी शाळेच्या निरोप समारंभातला फोटो लावला, त्यात ती फुलांच्या हारामागून नेमकी कुठेतरी बाजूला बघते आहे, बहुतेक मुलं मोजत असावी.

गेल्या रविवारी मी अकोट्याला गेले ती भाऊजींना सांगायला, की यंदा सहल नको. वाक्यं तयार होती. दुखवट्याचं वर्ष आहे, लोक काय म्हणतील, तुमची तब्येत… खरं कारण सांगायचं नव्हतं. दार उघडंच होतं. भाऊजी गॅलरीतल्या हिंचक्यावर माझ्याकडे पाठ करून बसले होते, एका पायानं हलकेच झोका घेत. ती गेल्यापासून ते हिंचक्याच्या एका बाजूलाच बसतात, दुसरी बाजू मोकळी. दाराशेजारच्या खुंटीवर किल्ल्यांबरोबर शिट्टी होती. लाल नाडी फिकी पडलेली, गाठ तिची. कशी कोण जाणे, मी ती काढली आणि तोंडाला लावली. म्हटलं, वाजते का बघू, हळूच. पण ती शिट्टी हळू वाजणारी नाही. घरभर आवाज गेला.

हिंचका थांबला. भाऊजींनी मागे वळून न बघता उजवा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे वळले. डोळे लाल होते. म्हणाले, "आणि तुझा?"

मला कळलं नाही.

"वाजवणाऱ्यानंही हात वर करायचा. तिला आम्ही कधी म्हटलंच नाही गं… मी दूध आणायला गेलो होतो, सुमन." मग म्हणाले, "दीवला मी ह्या वेळी पाण्यात जाणार नाही. तुझ्या शेजारी उभा राहीन. तू त्यांच्याकडे बघ, मी तुझ्याकडे बघतो."

माझी तयार वाक्यं कुठे गेली, कुणास ठाऊक. भीती होती तिथेच होती, आजही आहे. शिट्टी दातांत धरून मी हात वर केला. भाऊजींनी माझं नाव घेईपर्यंत मी तो खाली घेतला नाही.