खिडकीपुढे शून्य

मी अमरावतीच्या एका फर्निचर कारखान्यात कामाला आहे, पण लाकडाला हात लावत नाही. कपाटं, दिवाण, टीव्हीची युनिटं मी कम्प्युटरवर सूत्रांत मांडून ठेवतो. दाराची रुंदी म्हणजे कपाटाची रुंदी, वजा फटी, भागिले दारं. एकदा हे बसवलं की गिऱ्हाइकाच्या भिंतीचं माप तेवढं टाकायचं. फळ्या आणि दारं आपापली मापं बदलून घेतात आणि मशीन कापून मोकळं होतं. मला यात मोठी कला दिसते. अकोल्याच्या माझ्या सासऱ्यांना ती दिसत नव्हती.

सोयरिकीच्या बोलण्यातच त्यांनी विचारलं होतं, "म्हंजे तुमी रंधा नाई मारत?" मी नाही म्हणालो, तेव्हापासून त्यांनी तो विषयच सोडला. थोरले जावई तलाठी. पाहुण्यारावळ्यांत ओळख करून देताना थोरल्यांचं हुद्द्यासकट सांगायचे आणि माझ्यावर आले की, हे अमरावतीले असतात, एवढंच. अमरावतीला काय, कुणीही असतं. मला ते फार लागायचं.

म्हणून हिवाळ्यात ठरवलं, सासुरवाडीच्या मागच्या खोलीत भिंतभर कपाट करून द्यायचं, म्हणजे माझं काम काय ते त्यांना रोज दिसेल. माप घ्यायला गेलो तर त्या भिंतीत खिडकी. आमच्या सूत्रात खिडकीचाही व्हेरिएबल असतो. तिथं रुंदी टाकली की कपाट तेवढी जागा सोडून देतं. ही खिडकी उघडता का, असं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाई जी, थंडी येते. मी खिडकीपुढे शून्य टाकलं. कपाट असं फिट्ट बसलं की बाजूनं पोस्टकार्डही जाऊ नये. सासऱ्यांनी बोटानं टकटक करून पाहिलं आणि बरं हाये म्हणाले. परतीच्या एसटीत मी हवेत होतो.

अकोल्यात हिवाळ्यात घेतलेल्या मापावर विसंबणारा शहाणा मीच. पुढे उन्हाळा तापला. बायको रोज आईला फोन करायची आणि रोज तिकडे सगळं मजेत असायचं.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हात आला आणि आम्हाला जोडीनं बोलावणं झालं. पुरणाचे धोंडे, वर तूप, त्यावर आग्रह. कूलर दिसत नाही, असं बायको म्हणाली, तर सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला. जेवण झाल्यावर मला आराम करायला मागच्या खोलीत नेलं. तिथं एक टेबलफॅन गरम हवा इकडून तिकडे करत होता. सासरेही सोबतीला येऊन बसले. मी घामानं निथळत टॉवेल शोधायला उठलो आणि कपाटाचं मधलं दार उघडलं.

आत फळ्याच नव्हत्या. मागची प्लाय चौकोनी कापलेली, तिच्यामागे ती खिडकी सताड उघडी, आणि खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसलेला कूलर थेट माझ्या तोंडासमोर. मी वळून पाहिलं. सासरे छताकडे बघत होते.

"मामाजी, मले सांगतलं काहून नाई?"

"जवाईबुवाच्या कामात खोट काढाची कशी?" ते म्हणाले. मग गुपित फुटलंच आहे म्हटल्यावर उठले आणि त्यांनी बटण दाबलं.

वाऱ्याचा लोट आला, शेजारच्या कप्प्यातल्या साड्यांचे पदर बाहेर फडफडू लागले, खोलीभर वाळ्याचा वास पसरला. मला भयंकर लाज वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं. माझ्यासाठी ही माणसं सकाळपासून कूलर बंद करून, दार लावून बसली होती.

तेवढ्यात समोरच्या घरात नवीन राहायला आलेले गृहस्थ चटई काखेत मारून आत आले. कूलरचा आवाज ऐकूनच आले असावेत. रोजच्या सवयीनं त्यांनी कपाटापुढे चटई पसरली आणि मग मला पाहून, हे कोण, असं विचारलं.

सासऱ्यांनी बनियन खाली ओढून नीट केलं.

"हे आमचे धाकटे जवाई," ते म्हणाले. "कम्प्युटरवर हिशोब मांडून कपाटात कूलर बसवतात."

गृहस्थांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. आमच्याही भिंतीचं माप घ्याल काय, म्हणाले. मी बॅगेतून टेप काढली, आणि आधी त्यांचा कूलर कुठं बसतो ते विचारून घेतलं.