रुखवतातलं इंजिन

कोल्हापुरात डोळे मिटून खडा भिरकावला तर तो तालमीत नाहीतर लेथवर पडेल, असं आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे वडील. ते हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. शिवाजी पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यातल्या मागच्या खोलीत ते वाफेची इंजिनं करायचे. वीतभर उंचीची, खेळण्यातली वाटावीत अशी. पण खरी, पाणी उकळलं की फिरणारी. आणि ती करायची लेथला हात न लावता, हा त्यांचा हट्ट. त्यांचे जुने विद्यार्थी उद्यमनगरात जागोजाग कारखान्यांत होते. ते म्हणायचे, "सर, द्या की हिकडं तो पिस्टन. च्या येस्तवर काढून देतो." आबा चहा प्यायचे, पिस्टन रुमालात गुंडाळायचे आणि परत घरी आणायचे. मग तोच पिस्टन आम्ही बापलेकी महिनाभर घासत बसायचो. "लेथवर काय, कुणीही करील," एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पण घासण्यात मजा यायची, हे खरं.

आई मी लहान असतानाच गेली. आत्या पलीकडच्याच गल्लीत दिलेली होती, ती रोज एक फेरी मारायची. चुलीवरचं झाकण उचलून बघायची, मग मागच्या खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"पोरीला कायतरी बायकांचं शिकीव की रे."

"डाग द्यायला शिकवलंय," आबा म्हणायचे.

ते खोटं नव्हतं. पत्र्याला पत्रा कथलानं सांधायचा म्हणजे डाग द्यायचा. तो मला भाकरी गोल जमायच्या आधी जमला. नवसागराचा धूर नाकात गेला की इतर मुली पदर लावत, मला भूक लागायची. माझी स्वतःची हत्यारांची पेटी होती. बिस्किटांचा मोठा डबा होता तो. त्यात पत्रा कापायची कातर, दोन कानशी, हातोडी, पकड आणि डाग द्यायचं तांब्याच्या टोकाचं लोखंड. दागिने मला कधी मोजता आले नाहीत, पण त्या डब्यातली कानस कुणी इकडची तिकडे ठेवली तर मला न बघता कळायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मला नेसरीचं स्थळ आलं. मुलगा शेतीचं शिकलेला, घरची ऊसशेती, म्हशी. मुलाबरोबर बघायला त्याची आई आली, चांगली उंचपुरी, नाकात मोठी नथ, बोलणं असं की शेजारच्या गल्लीतल्या लोकांनी उत्तर द्यावं. तिनं माझा हात हातात घेतला आणि उलटापालटा केला.

"हे कसलं डाग गं बोटावर?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या मध्ये पडली. "चटकं हायत. चुलीफुडनं हालत न्हाय पोरगी. आनि विणकाम, भरतकाम इचारू नगा. रुखवताचं सगळं सोताच्या हातानं करनार हाय."

"मग बघूया की," मुलाची आई म्हणाली. "रुखवत बघिटलं की सून कळत्या."

स्थळ जमलं. मुलगा मला आवडला होता. तो खाली मान घालून चहा पीत होता आणि आत्या चटक्यांचं सांगत होती तेव्हा त्याला ठसका लागला, म्हणजे त्याला अक्कल होती. पण लग्न ठरलं त्याच संध्याकाळी आत्यानं निकाल दिला. पेटी इथंच राहणार. सासरी जाऊन पत्रं ठोकत बसलीस तर माहेराला नाव ठेवतील. आणि माझे आबा, लेथवाल्यांपुढे न वाकणारे माझे आबा, टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "आत्या म्हणते ते बरोबर आहे बाळ. मी नीट सांभाळीन पेटी."

मला फार वाईट वाटलं. आबांचा रागही आला. पेटी सांभाळायला काय ती म्हातारी गाय होती? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते माझ्या ताटात गुपचूप जास्तीचा गूळ वाढत राहिले.

रुखवताचं काय करायचं हा प्रश्न होताच. आत्यानं लोकर आणि विणकामाच्या दोन पोलादी सुया आणून दिल्या. मी चार ओळी विणल्या; त्याचं काय झालंय ते आत्यालाही सांगता येईना. मग मला धाक घालायला तिनंच रुखवताचा एक नियम सांगितला, आणि तिथेच ती चुकली. "नीट कर. रुखवतात मांडलेली वस्तू मागं ठेवायची नसत्या. जशी हाय तशी सासरी जात्या, आनि पाव्हणंरावळं आलं की दाखवतात."

मी सुई खाली ठेवली. मांडलेली वस्तू मागे ठेवायची नसते. म्हणजे इंजिन रुखवतात मांडलं, की त्याला सासरी जाण्यापासून आत्यासुद्धा अडवू शकत नव्हती. आबांना सांगितलं तेव्हा ते आधी दार लावून घेऊन हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "पण ते फिरलं पाहिजे," ते म्हणाले. "फिरलं नाही तर ते भंगार. हसतील आणि इथंच टाकून जातील."

आम्ही कामाला लागलो. बॉयलरसाठी फिरकीचा तांब्या घेतला, प्रवासात पाणी न्यायचा असतो तो, फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाचा. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची चकती. सिलिंडर म्हणजे मोडक्या स्टोव्हच्या पंपाची पितळी नळी. गल्लीतल्या छापखान्यातून अक्षरांचे झिजलेले शिशाचे खिळे आणले, वितळवले आणि आतून काजळी धरलेल्या त्याच नळीत ओतून पिस्टन पाडला. उरलेला रस डब्याच्या झाकणात ओतून चाक केलं. हा सिलिंडर एका जागी खिळलेला नसतो, तो डुलतो. एका अंगाला डुलला की भोकातून वाफ आत येते, दुसऱ्या अंगाला डुलला की निघून जाते. त्यासाठी दोन पत्रे एकमेकांवर असे टेकावे लागतात की मधून श्वाससुद्धा जाता कामा नये. ते आम्ही आरशाच्या काचेवर तेल आणि रांगोळी टाकून घासले, मग दंतमंजन टाकून घासले. चाकाचा दांडा सरळ आणि गुळगुळीत हवा होता. आत्याची पोलादी सुई त्याला अशी बसली, जणू तिनं मापच घेतलं होतं.

"इणकाम कुठवर आलंय?" आत्या दारातून विचारायची.

"सुई बसली आता," मी म्हणायची. ती समाधानानं जायची.

इंजिननं काहीतरी करावं म्हणून आम्ही त्यासमोर एक छोटं गुऱ्हाळ उभं केलं. ऊसवाल्यांचं घर ना. दोऱ्याची दोन लाकडी रिळं उभी लावून त्यांचा चरक केला आणि इंजिनपासून त्यांच्यापर्यंत दोरीचा पट्टा. पहिल्यांदा फिरलं तेव्हा रिळं गरगरली, आबांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मी खोलीभर नाचले. आत्यानं ते पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. मग बराच वेळ विचार करून म्हणाली, "हातानं केलंय ते तर खरं हाय. पन तुझा हात हाय म्हनून तोंड उघडायचं न्हाय कुनाम्होरं."

लग्नाच्या दिवशी कार्यालयात रुखवत मांडलं. लाडू, चिरोटे, पाच प्रकारची शंकरपाळी, आत्यानं रातोरात उसने आणलेले दोन रुमाल, पातेली, घागर, आणि मधोमध आमचं गुऱ्हाळ. ठरलं होतं ते असं: मी नटूनथटून एका बाजूला उभं राहायचं, हात लावायचा नाही, आबा तांब्यात गरम पाणी ओततील आणि खालचा स्पिरिटचा दिवा लावतील. आबांना त्या दिवशी भाच्यांनी फेटा बांधला होता. तो इतका खाली आला होता की चष्मा बसेना, म्हणून त्यांनी चष्मा खिशात ठेवला होता.

नेसरीच्या बायका आल्या. पुढे होणाऱ्या सासूबाई. आबांनी झाकण फिरवून काढलं, थर्मासमधलं पाणी ओतलं, झाकण घट्ट केलं, काडी ओढली. सगळ्या बायका गप्प. लग्नात एवढ्या बायका एका वेळी गप्प झालेल्या मी परत पाहिल्या नाहीत. तांब्या कुजबुजायला लागला. आबांनी चाकाला बोटानं एक धक्का दिला आणि इंजिन सुरू झालं. टकटक, टकटक, सिलिंडर डुलतोय, चाक फिरतंय, रिळं गरगरतायत.

"आगं आक्का," एक म्हातारी म्हणाली, "गुऱ्हाळ हाय की गं."

सासूबाई वाकून बघायला लागल्या. मला मुंडावळ्यांच्या आतून घाम फुटला होता आणि मी मनातल्या मनात चाकाबरोबर फिरत होते.

आता रुखवताला आमच्याकडे एकेका वस्तूवर उखाणा म्हणायची रीत आहे. आत्या पुढे सरसावली. घागरीवर झाला, लाडवावर झाला, आणि मग तिनं तांब्याकडे हात केला:

"फिरकीच्या तांब्यात भरली साखर गोड,
इहीनबाई, आमच्या लेकीला न्हाय जोड."

मी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा फेटा हळूहळू मागे सरकत होता.

रुखवतात रिकामं भांडं मांडत नाहीत. पातेल्यात तांदूळ, घागरीत गहू, तसा आत्यानं सकाळी तांब्या उघडला होता आणि तोंड अरुंद म्हणून लाडू न घालता अर्धा तांब्या साखर भरली होती. आबा नंतर म्हणाले, जड लागला खरा, पण म्हटलं पितळ आहे.

पुढचं कुणाच्या हातात नव्हतं. साखरेचं पाणी उकळून फेसाळतं हे दिवाळीला ज्यानं पाक केलाय त्याला सांगायला नको. फेस नळीतून सिलिंडरात शिरला. इंजिन टकटकऐवजी चटचट बोलायला लागलं. मग दोन पत्र्यांच्या मधून, दंतमंजनानं घासलेल्या त्या जागेतून, पिवळा चिकट रस गळायला लागला, थेट चरकाच्या पायाशी.

"काकवी," ती म्हातारी म्हणाली. "रस बी निगतोय ह्यातनं."

एकच गलका झाला. मागच्या बायका पुढे लोटल्या. आत्याचा चेहरा असा खुलला, जणू हे सगळं तिच्याच डोक्यातून निघालं असावं. एक शितोडा उडून सासूबाईंच्या पैठणीच्या काठावर पडला. त्यांनी तो बोटानं टिपला आणि जिभेला लावला. सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"एकतारी हाय," त्या म्हणाल्या. "पर शिलाई मशनीच्या तेलाचा वास मारतोय."

तेवढ्यात इंजिन थांबलं. हळूहळू नव्हे, एकदम, चिक्की झाल्यासारखं. आबांनी दिव्यावर फुंकर घातली. चाक हलवून पाहिलं, हललं नाही. मला रडायला यायला लागलं आणि ते लपवायलाही जागा नव्हती, सगळं लग्न बघत होतं. फिरलं नाही तर ते भंगार, असं आबाच म्हणाले होते.

आत्यानं लगेच बाजू बदलली. "ऱ्हाऊ दे ते. भावाचा खुळा नाद हाय तो. गाडीत नगा घालू, हितंच टाकतो आमी."

"का म्हनून?" सासूबाई म्हणाल्या. "रुखवतातलं मागं ऱ्हात न्हाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. अख्ख्या लग्नात त्यांनी मला थेट विचारलेला तो पहिला प्रश्न. "केलंय कुणी हे?"

"मी," मी म्हटलं. आत्यानं डोळे मिटले. "आबांनी आणि मी."

"म्हंजे ते बोटावरचं डाग भाकरीचं न्हवं तर."

"न्हाय."

"आता हे आडकलंय ते सोडवनार कोन?"

"मीच सोडवतो," मी म्हटलं. आमच्या कोल्हापुरात मुलीही तसंच बोलतात.

"कशानं?"

"सगळं उकलायला लागतंय. गरम पाण्यानं धुवायचं, पत्रं परत घासायचं, परत डाग द्यायचा. हत्यारं लागत्यात. पेटी हाय माजी, घरात."

सासूबाईंनी आबांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी एखाद्या म्हशीबरोबरचं रेडकू मागे ठेवून घेतलंय. "काय वो पाव्हणं, मोडकं तेवढं आमाला देताय आनि हत्यारं ठेवून घेताय व्हय? आना की पेटी. गाडीत घाला."

आबा फेटा सावरत स्वतः गेले. भाच्यांपैकी कुणाला पाठवलं नाही. परत आले तेव्हा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला आणि डोळे लाल. मला राग धरायचा होता अजून, पण जमलं नाही. झाकण उघडून पाहिलं तर माझ्या दोन कानशींशेजारी त्यांची स्वतःची बारीक कानस होती, जी ते मलासुद्धा धुतल्या हातानंच धरू द्यायचे.

इंजिन जर नीट फिरलं असतं, तर ते नेसरीच्या कपाटात काचेमागे बसलं असतं आणि पेटी शिवाजी पेठेत राहिली असती. हे आत्याला नंतर कळलं. तेव्हापासून साखर आपण मुद्दाम भरली होती असं ती सांगायची, आणि मी तिला कधी खोटं पाडलं नाही.

जीपमध्ये मी सासूबाईंशेजारी बसले होते. पेटी त्यांच्या पायाशी, इंजिन माझ्या मांडीवर, शालू चिकट झालेला. गडहिंग्लज मागे पडलं. मग आवाज बारीक करून, म्हणजे पुढच्या सीटवरच्यांनाच ऐकू जाईल इतका करून, त्यांनी विचारलं, "आमच्या सैपाकघरात धूर लई साचतोय. पत्र्याचं धुराडं करता येतंय का गं तुला?"

"येतंय की," मी म्हटलं.

त्यांनी पायानं पेटी जरा जवळ ओढून घेतली.