हातात का पदरात?

हौसाक्काने कुठलीही वस्तू हातात घेतलेली मी कधी पाहिली नाही. गिरणीतले पीठ असो, वाण्याकडचा गूळ असो, पोस्टमनने आणलेले कार्ड असो, ती आधी डोक्यावरचा पदर पुढे ओढायची, दुहेरी करायची, दोन्ही हातांनी समोर धरायची आणि म्हणायची, "हं, टाक." एकदा दवाखान्यात कंपाउंडरने औषधाच्या तीन गोळ्या पुढे केल्या, तर हिने पदर धरला.

"आक्का, तीन गोळ्या हायेत, तीन पायल्या न्हाईत," तो म्हणाला.

"असू दे. हातात घेतलं की ते माझ्या एकटीचं हुतं. पदरात घेतलं की घरादाराचं."

"मग गोळ्या वाटनार का घरादाराला?"

"पयली तुझ्या तोंडात घालीन, लई बोलतोस."

मी मिरजगावला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माहेर देवगडकडचे, दारातून समुद्र दिसणारे. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झाले आणि ह्यांची वायरमन म्हणून बदली झाली ती या मुलखात. त्यात बाहत्तरचा दुष्काळ. विहिरीत वाकून पाहिले तर तळाचे दगड दिसायचे. मला तर सगळ्याचीच भीती वाटायची: मोकळ्या माळाची, इथल्या बोलण्याची, आणि सगळ्यांत जास्त आमच्या घरमालकांची. त्यांना गाव तात्या म्हणायचे. पंचायतीत त्यांचे वजन, आवाज भारदस्त, आणि आम्ही राहायचो ती एक खोली त्यांच्याच वाड्याला लागून. त्यांच्या मनात आले असते तर दुसऱ्या दिवशी आमचे गाठोडे रस्त्यावर आले असते. निदान मला तसे वाटायचे.

हौसाक्का भिंतीपलीकडे राहायची. चौथ्या दिवशी ती आपण होऊन दारात आली. "भिताडातनं भाकरीचा आवाज यीना. काय खाता तुमी दोघं?" भात, म्हटले. मला भाकरी थापताच येत नव्हती. ती परत गेली आणि दोन गरम भाकऱ्या आणि ठेचा घेऊन आली. मी हात पुढे केले.

"हात न्हाई. पदर धर."

माझ्या डोळ्यांत पाणीच आले. आमच्याकडे पदर पसरणे म्हणजे भीक मागणे. तिला ते बरोबर कळले. "अगं येडे, एकेरी पसरला तर भीक. दुहेरी करून धरला तर मान. वटी कशात घेतीस, हातात?" आणि तिने स्वतःच माझा पदर दुमडून त्यात भाकऱ्या ठेवल्या. परक्या गावात मला मिळालेली ती पहिली वस्तू.

त्या उन्हाळ्यात गावाबाहेर रस्त्याचे दुष्काळी काम निघाले. हौसाक्काचे घर खातेपिते, बारा एकर जमीन, पण आभाळानेच पाठ फिरवल्यावर तीही बायकांबरोबर खडी फोडायला आली. सातवी पास म्हणून मला मापाने सुकडी, मजुरांना मिळायची ती सरकारी कोरडी भुकटी, वाटायचे काम मिळाले. आणि एके दिवशी तिथे दोन मोटारी आणि एक टेम्पो आला. दुष्काळावर सिनेमा काढत होते. त्यांना खरेच काम, खरीच माणसे हवी होती. खोटी एकच, त्यांच्याबरोबर मुंबईहून आलेली नटी.

प्रसंग साधा होता. ती रांगेतून येणार, मी सुकडी घालणार, ती घेणार. पण कॅमेरा दिसला की माझा हात असा थरथरायचा, की निम्मी सुकडी जमिनीवर. पाच वेळा 'कट' झाले. डायरेक्टर ओरडले, "ही मुलगी बदला!" मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले.

रांगेत मागे उभी असलेली हौसाक्का हातोडी टाकून पुढे आली. "ह्या पोरीला कशाला बोलता? सांडतंय ते हिच्यामुळं न्हाई. तुमच्या बाईनं वंजळ केलीया. उपाशी बाई वंजळ करती व्हय? हे तर देवळात तीर्थ घेतल्यावानी दिसतंय."

सगळे हसले. नटी मात्र हसली नाही. ती हौसाक्काजवळ आली आणि म्हणाली, "मग कसं घ्यायचं, आक्का? दाखवा ना." आणि भर उन्हात अर्धा दिवस हौसाक्काने तिला पदर धरायला शिकवला. कुठे दुमडायचा, अंगठे आत का ठेवायचे, चालताना पोटाशी कसा टेकवायचा. "छातीशी धरू नगंस. ते लेकराला. धान्य पोटाशी." सहाव्या वेळी एक कणही सांडला नाही. माझी जागा राहिली.

निघताना नटी तिच्या पाया पडली. मी सुकडीच्या पिंपाशी उभी होते, दोन हातांवर, म्हणून शब्द न शब्द ऐकला. "आक्का, मला पुढं काही मोठं मिळालं ना, तर असंच घेईन. तुमची आठवण." हौसाक्का म्हणाली, "पदराला गाठ मारून ठेव मग, इसरशील."

हे तिने गावात सांगितले. का सांगू नये? आणि वर्षभराने तो सिनेमा जत्रेच्या तंबूत आला तेव्हा अख्खे गाव तिची करामत बघायला लोटले. पण तंबूत येणारी रिळे म्हणजे ठिकठिकाणी तुटलेली, जोडलेली. नटी रांगेत उभी राहिली, चित्राने एकदम उडी मारली, आणि पुढच्या क्षणी ती घरात चुलीपुढे बसलेली! पदराचा प्रसंग त्या रिळात नव्हताच.

तंबूबाहेर तात्यांनी सगळ्यांसमोर गाठले. "काय हौसाबाई, कुठं गेली तुमची शिष्यीण? का तुमी पन सुकडी खाऊन सपान बघितलं?" त्या दिवसापासून तिचे नाव पडले 'नटीची मास्तरीण'. पोरेटोरेसुद्धा पदर धरून दाखवायची.

शिकवणे बायकांनी पाहिले होते, पण तात्यांपुढे बोलणार कोण; आणि नटीच्या वचनाची तर मी एकटीच साक्षीदार होते. बाकीच्या बायका तेव्हा जेवायला झाडाखाली गेल्या होत्या. मला तोंड उघडायचे होते, पण समोर तात्या आणि त्यांचीच खोली. हौसाक्काने माझ्याकडे पाहिले आणि घरी येताना म्हणाली, "तू बोलू नगंस, पोरी. तुमी नोकरीची मानसं, डोक्यावर छप्पर पायजे. माझं मी बघून घीन." तिने मला वाचवले होते, आणि मी तिला वाचवले नाही. भाकरी गिळताना ते टोचायचे.

हौसाक्काची खरी जागा होती हळदीत. गावात कुणाचेही लग्न असो, जात्यावर पहिली ओवी तिची. तात्यांच्या मुलीचे लग्न ठरले आणि त्यांनी मुद्दाम कर्जतहून दुसरी गाणारी बोलवायचे ठरवले. "खोटं बोलनाऱ्या तोंडानं माझ्या पोरीची हळद नको," असे म्हणाले. हे कानावर आल्यावर हौसाक्का पाणवठ्यावर सगळ्या बायकांसमोर बोलून गेली, "माझं खरं ठरल्याबिगर ह्या गावात पुन्यांदा जात्याला हात लावून गानार न्हाई." ती चिडून बोलली असेल. पण शब्द गेला तो गेला. गावात दुसरी दोन लग्ने झाली, ती हळदीला गेली नाही. भिंतीपलीकडून दळतानाचे गाणेही थांबले. नुसती जात्याची घरघर.

मग एका सकाळी पुडीचा कागद वाचताना मला बातमी दिसली. मराठी सिनेमांच्या बक्षिसांचा समारंभ टीव्हीवर दाखवणार, आणि त्या नटीचेही नाव त्यात. मी धावत जाऊन तिला वाचून दाखवले. ती सुपातली ज्वारी निवडत राहिली. "इसरली असंल ती," एवढेच म्हणाली. "मोठी मानसं. त्यांना किती पदर धरायला लागत्यात."

गावात टीव्ही एकच, दवाखान्याच्या डॉक्टरांचा, आणून महिनाही झाला नव्हता. चित्र यायचे ते लांबच्या पुण्याच्या डोंगरावरून, म्हणून ह्यांनी माडीवर उंच पाइप उभा करून त्यावर अँटेना चढवली होती. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी टीव्ही ओट्यावर आणला. दिवेलागणीलाच अंगण भरले. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, तात्या मधोमध खुर्चीवर. हौसाक्का येतच नव्हती. मी हात धरून आणली.

हे माडीवर पाइप फिरवत होते. "आलं का?"

"न्हाई! मुंग्याच हायेत!"

"आता?"

"आलं, आलं! गेलं! उलटं फिरवा!"

शेवटी चित्र आले, पण आवाज आला नाही. नुसता तव्यावर पाणी टाकल्यासारखा चर्रर्र. शिवाय प्रत्येक माणसाच्या शेजारी एक सावली. एक म्हातारा म्हणाला, "लेको, एका मानसाला दोन-दोन बक्षिसं देत्यात की!" एक सफारीवाला स्टेजवर आला, अंगणाने टाळ्या वाजवल्या, तर त्याने माईक उचलला आणि निघून गेला. "आरं, त्यो माईकवाला व्हता!" "असू दे, त्योबी कष्ट करतोय." कुणा हिरोला बक्षीस मिळाले तर पोरे नाचली. एका जाड बाईला मिळाले तर बायकांनी ठरवून टाकले की वशिला.

आणि मग ती आली. रेशमी साडी, डोक्यावर पदर नाही, पण चाल तीच. पाहुण्यांनी बक्षिसाची बाहुली उचलली, पुढे केली, तिने हात वर केले...

चित्र गेले.

"ओ वायरमन!" "फिरवा की!" "काय घेतलं, हातात का पदरात?" सगळे एकदम ओरडत होते. वर हे पाइपाशी झटत होते, पडद्यावर मुंग्या वळवळत होत्या. आणि तात्या हसले. "अवो हातातच. हातात न्हाईतर काय. बाईनं बक्षीस घेतलं, गेली. हौसाबाई, आता तरी कबूल करा."

हौसाक्का उठली. पदर सावरून दाराकडे निघाली. तिची पाठ मी पाहिली आणि मला त्या पाच 'कट'ची आठवण झाली. मी उभी राहिले.

"तात्या, मी होते तिथं. ती नटी आक्कांच्या पाया पडली. मोठं काही मिळालं तर असंच घेईन म्हणाली. मी माझ्या कानांनी ऐकलंय. आज तिनं हातात घेतलं असेल, तरी आक्का खोटं बोलल्या नाहीत."

तात्या खुर्चीतच वळले. "आता सांगतीस? वरीसभर तोंडात काय पानी धरलं हुतं?"

"तुमची भीती वाटत होती."

अंगणात कुणीतरी खुसकन हसले. तेवढ्यात वरून ह्यांचा आवाज, "आता बघा! आलं का?"

आले होते. नटी स्टेजवरून परत चालली होती. दोन्ही हात समोर, रेशमी पदर दुहेरी, पोटाशी टेकवलेला. आणि त्या झोळीत ती बाहुली. शेजारच्या सावलीच्याही पदरात एक. पाहुणे मागे तोंड उघडे टाकून बघत होते.

क्षणभर नुसता चर्रर्र आवाज. मग तात्याच म्हणाले, हळूच, "आयला, पदरातच हाय की." आणि अंगण फुटले! टाळ्या, शिट्ट्या, बायका हौसाक्काला मिठ्या मारायला लागल्या. वरून हे विचारत राहिले, "काय झालं? आलं का गेलं?" आणि कुणाला सांगायची शुद्ध नाही.

हौसाक्का दारातच उभी राहून टीव्हीकडे डोळे बारीक करून पाहत होती. रडेल असे वाटले. पण म्हणाली, "डावा अंगठा भाईर राहिला तिचा. मी सांगितलं हुतं."

आमची खोली गेली नाही. उलट दोन दिवसांनी तात्या स्वतः हौसाक्काच्या दारी लेकीच्या हळदीचे आमंत्रण घेऊन आले, सुपारी, अक्षता, सगळे रीतसर. मी माझ्या दारातून बघत होते. तिने त्यांना उन्हात उभे ठेवले. "थांबा तात्या, गडबड नगं. पदर दुहेरी करू द्या." मग त्यांनी सुपारी वरून टाकली, तर म्हणाली, "वाकून. ह्यो मान हाय." ते वाकले. हळदीला तिने पहिली ओवी म्हटली ती त्या घरच्या जात्यावर, नवी, तिचीच:

*हळद दळिते मी, जात्याच्या गं खुट्याला हात,*
*डोंगराच्या वाऱ्यानं आणली माझी बात.*

पुरुषांच्या बैठकीत तात्या मान डोलवत होते.

दोन वर्षांनी ह्यांची बदली झाली. हौसाक्काला जाऊन आता बरीच वर्षे झाली, पण माझ्या मनात ती अजून मिरजगावच्या एसटी स्टँडवरच उभी आहे. त्या दिवशी तिने माझी ओटी भरली: ज्वारी, नारळ, गुळाचा मोठा खडा, आणि वर चार भाकऱ्या, 'कोकणी लेकीला वाटंत' म्हणून. मी पदर कधी दुहेरी केला मलाही कळले नाही. कंडक्टर ओरडत होता, "ओ बाई, हातात घ्या की आन बसा!"

"थांब रं," ती म्हणाली, "घरादाराचं हाय."

बस हलली. ती खिडकीखालून चालत आली. तिला हात करावा म्हणून मी एक हात सोडणार, तोच ती ओरडली, "हात हालवू नगंस, येडे! सांडंल!"

मी हलवला नाही.