चिंगीची नोंद

माझी बहीण अश्लेषा कुणाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई. पण तिच्या वाटंला गेलेल्या माणसाचं काय झालं ते सांगतो. सांगताना मला लय बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

मी हनुमंत, जनावरांना लस टोचतो. आमच्या भाजे गावाच्या वरच्या वाड्यांवर फोनला रेंज न्हाई, म्हणून गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर तळहातावर लिहायचो. घामानं पुसला की पुन्यांदा डोंगर चढायचा. अश्लेषा तळेगावात कॉम्प्युटरच्या नोकरीत. नोंदी साठवायचा एक डेटाबेस व्हता, त्याचा कोड आतून सगळ्यांना उघडा. कुणीबी दुरुस्त करावा, कुणीबी वापरावा. तिनं सहा वर्षं रविवार घालवून त्यात सोय केली: रेंज गेली तरी नोंद फोनमधी थांबती, रेंज आली की आपसूक जागंवर जाती. पारखायला पयली नोंद आमच्या चिंगी गाईची घातली.

तो डेटाबेस सांभाळणाऱ्या कंपनीनं एक दिवस त्याच्या पुढच्या कामाला कुलूप लावलं: आता पैसं मोजून वापरा, आत कुणी हात घालायचा न्हाई. लोणावळ्याच्या हॉटेलात दूधसंघाच्या लोकांपुढं त्यांचा शार्दूलसायब पडदा लावून म्हणला, "रेंज नसतानाही नोंद, हे आमच्या टीमचं संशोधन." पडद्यावर काय? ‘चिंगी, भाजे’! बहिणीचं नाव पुसलं, आन् गाय तशीच ऱ्हायली! मी अश्लेषासंगं तिथंच बसलेलो, उठून वरडलो, "आरं, ती गाय आमच्या गोठ्यात हाय!"

शार्दूल अश्लेषाकडं बघून हसला. "ताई, हक्क आम्हाला दिल्याच्या कागदावर तुमचीच सही आहे. वाचला नव्हता का?"

न्हवता वाचला. काम देताना घाईत सही केली व्हती. भरल्या सभेत तिची मान खाली गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी ती एवढंच म्हणली, "दादा, याला मी सोडणार नाही."

कुलपाच्या आधीची उघडी प्रत कुणाला माघारी घेता येत नव्हती. तीच उचलून तिनं जगभरच्या चाळीस जणांसंगं येगळी चूल मांडली. फोर्क म्हणत्यात त्याला. हितं कुणाच्या सह्या घ्यायच्या न्हाईत, आन् जो यातलं काम घेईल त्यानं आपलंबी उघडंच ठेवायचं, असा नियम. मग माझ्या मोटारसायकलीवर मागं बसून ती मावळातल्या एकेका दूधसंघात गेली आन् जुन्या नोंदी नव्यात आणून दिल्या. कंपनीचं एकेक गिऱ्हाईक तुटलं की मी पेढे वाटायचो. व्हय, वाटायचो!

इकडं कंपनीच्या डेटाबेसात एकेका गाईच्या दोन-दोन नोंदी व्हायला लागल्या. खोड जुन्या प्रतीपास्नंचीच, पण अश्लेषानं ती फकस्त फोर्कमधी दुरुस्त केली. ती दुरुस्ती नियमानं घ्यायची तर कंपनीला आपलं कुलूप काढावं लागणार, म्हणून शार्दूल कागद घेऊन थेट आमच्या गोठ्यात आला. बूट शेणात.

"ताई, दुरुस्ती आम्हाला कुलपात वापरायची परवानगी द्या. एक सही. माझी नोकरी जाईल हो. म्हणाल ते देतो."

तिनं चष्मा लावला. चिंगीशेजारी त्याला उभा ठेवून आकरा पानं पयल्या वळीपास्नं मोठ्यानं वाचली. त्यानं पेन पुढं केला व्हता, हात अवघडला, तरी खाली घेईना. शेवटची वळ झाली तशी तिनं कागद नीट घडी घालून त्याच्या खिशात ठेवला.

"या वेळी वाचलं," ती म्हणली. "म्हणून सही करत नाही."