जांभळ्या टिकलीच्या पेट्या

पांढुर्ण्यात मी संत्र्याच्या धंद्यात उतरलो तेव्हा लोकांनी मला येड्यात काढलं. मास्तरचा मुलगा, आणि फळं भरायच्या शेडवर मुकादमच नाही! प्रत्येक बाईने फळं आपणच निवडायची, पेटी आपणच भरायची आणि वर आपल्या रंगाची टिकली चिकटवायची. माल चांगला निघाला तर नाव तिचं, वाईट निघाला तरी तिचंच. दोन हंगामांत बाहेरगावचे अडते फोनवर रंग सांगून माल मागू लागले.

जांभळी टिकली बोरगावच्या एका बाईची. नवरा गेल्यापासून तिने स्वतःच्या कपाळाला टिकली लावली नव्हती, पेटीवर मात्र अंगठ्याने दाबून दाबून बसवायची. मी घाई केली की म्हणायची, "भाऊ, मी पाहून राहिली नं, थांबा जरासे." तिच्या पेट्यांना मागणी जास्त, म्हणून मजुरीही जास्त. त्यावरच तिची मुलगी सौंसरला कॉलेजात शिकत होती.

एका हंगामात जांभळ्या मालाला एवढी मागणी आली की मला हाव सुटली. एक दिवस ती जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेली होती. मी तिच्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि अवकाळीत भिजलेल्या फळांच्या पेट्यांवर स्वतःच्या हाताने लावत सुटलो.

आठवड्याने अडत्याचा फोन आला. अर्धा माल सडला होता. "यापुढे जांभळी पाठवू नका," तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि तिला क्रेट उचलायच्या कामावर लावलं. ती सोडून गेली. दुसऱ्या शेडवाल्यांनीही तिला पेटी भरायला घेतलं नाही. बातमी तिच्या आधी पोचली होती.

हल्ली जिल्ह्याच्या कार्यक्रमांत मला नेतृत्वावर बोलायला बोलावतात. मी टिकल्यांची गोष्ट सांगतो, अर्धीच. टाळ्या पडतात आणि मला माझीच किळस येते.

गेल्या हिवाळ्यात ती कापूस वेचून परतताना रस्त्यात भेटली. मुलीचं कॉलेज अर्ध्यातच सुटलं होतं. मी म्हणालो, "परत या. त्या सडलेल्या पेट्यांवर तुमच्या टिकल्या मी लावल्या होत्या."



"अडत्याले सांगतलं का तुमी, थो माल माहा नव्हता म्हून?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग मले कायले सांगून राहिले?"

ती निघून गेली. अडत्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी लावला नाही.